उकिरड्यावरचें देवालय

हॉलंड देशाच्या उत्तरेस फ्रीसलंड नांवाचा प्रांत आहे. तेथें लेवार्डन शहराच्या उत्तरेस, सपाट कुरणांच्या मध्यभागीं, हेगेबाइंटुम हें शंभराच्या आंतबाहेर वस्तीचें खेडें एका टेकडीवर बसलेलें आहे. टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ८.८ मीटर, म्हणजे अवघी २९ फूट! सह्याद्रि पाहिलेल्या वाचकांस हंसूं येईल. परंतु त्या देशांतील अशा जातीच्या टेकड्यांत हीच सर्वांत उंच होय.

ही टेकडी निसर्गानें केलेली नव्हे. इसवी सनापूर्वीं कांहीं शतकें लोक येथें राहावयास आले, तेव्हां समुद्रास बांध नव्हते. त्यांनीं चिखल, शेण व केरकचरा यांचे थर रचून घराचा पाया उंच केला. पुढील पिढ्यांनीं त्यावर आणखी थर घातले. अशा उंचवट्यास ‘टेर्प’ म्हणतात. याच किनाऱ्याच्या पूर्वभागीं राहणाऱ्या अशाच लोकांची प्लिनी या रोमन ग्रंथकारानें पहिल्या शतकांत मोठी कींव केली आहे. रोमचें साम्राज्य लयास गेलें. उकिरडा मात्र टिकला.

माथ्यावर बाराव्या शतकांतील ख्रिस्ती देवालय आहे. या मुलुखांत दगड मुळींच नाहीं. म्हणून जर्मनींतील आयफेल भागांतला ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड जलमार्गानें आणून तें बांधिलें. १५८० सालीं प्रांतानें प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला. आंत हार्स्टा येथील सरदार घराण्याचे १६ मृत्युफलक टांगलेले आहेत. घरांतील कोणी वारलें म्हणजे कुलचिन्हांकित फलक करून देवालयांत लावीत. देवासमोर सर्व समान, हें खरें. पण फलक सरदारांचेच!

बांध झाल्यावर टेकड्यांचें महत्त्व ओसरलें. मग एकोणिसाव्या शतकांत, आपल्याकडील पांढरीच्या मातीसारखी, हीही माती उत्तम खत आहे असें लोकांस उमगलें. दूरच्या रेताड शेतांसाठीं ती होड्या भरभरून विकली जाऊं लागली. हेगेबाइंटुमच्या टेकडीचाही मोठा भाग विसाव्या शतकाच्या आरंभीं असाच गेला. ज्या मातीनें वाडवडिलांस बुडूं दिलें नाहीं, ती नातवंडांनीं विकली! शेतकऱ्यास दोष देणें सोपें आहे. त्यास पैका हवा होता, आणि समुद्राची भीति उरली नव्हती. खोदतांना प्राचीन थडगीं निघालीं, तेव्हां विद्वानांचें लक्ष गेलें. १९१६ सालीं फान खिफेन या संशोधकानें टेर्पांच्या अभ्यासार्थ मंडळ स्थापिलें. तोंवर पुष्कळशी माती शेतांत मिसळून गेली होती.

देवालयाखालची माती मात्र राहिली. तेथें कुदळ चालविण्यास कोण धजणार? त्यामुळें आज देवालयाच्या लगतच टेकडीचा उतार एकदम उभा तुटलेला दिसतो.