नाव एका देशाचे, पक्षी दुसऱ्याच देशाचा

इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात ‘टर्की’ हा शब्द आला की वर्गात हमखास प्रश्न निघतो : हा पक्षी की देश? शब्द एकच; परंतु पक्ष्याचा त्या देशाशी काडीचाही संबंध नाही. टर्की मूळचा अमेरिकेतला. मेक्सिकोतील लोकांनी तो फार पूर्वीच माणसाळवला होता. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी त्याला युरोपात नेले.

मग हे नाव आले कोठून? आफ्रिकेतील गिनी कोंबडी तुर्की मुलखातून व्यापाऱ्यांमार्फत इंग्लंडात येई, म्हणून इंग्रज तिला ‘टर्की कोंबडी’ म्हणत. पुढे अमेरिकेतला हा मोठा पक्षी आला आणि तेच नाव त्याला चिकटले.

गंमत पुढेच आहे. खुद्द तुर्क लोक या पक्ष्याला ‘हिंदी’ म्हणतात! फ्रेंच ‘दँद’ या शब्दाचा अर्थही ‘हिंदुस्थानचा’ असाच. कोलंबसाने अमेरिकेलाच हिंदुस्थान मानले, त्या भ्रमाचे हे अवशेष होत. डच लोकांनी तर ‘काल्कून’ म्हणून त्याला आपल्या कालिकतचा ठरविले आणि पोर्तुगीजांनी ‘पेरू’ म्हणून पेरू देशाचा.

प्रत्यक्ष हिंदुस्थानात तो नवलाचाच होता. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या दुर्मिळ वस्तूंत व प्राण्यांत हा पक्षी होता. क्षणोक्षणी बदलणारे त्याच्या मानेचे रंग पाहून जहांगीर बादशहा चकित झाला. उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

इंग्रजांना हसण्याचे मात्र कारण नाही. आपण मुलुखभर खातो ती विलायती चिंच विलायतेची नसून मेक्सिकोकडची आहे. आणि पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या कितीतरी घरांचे आडनाव आजही ‘परदेशी’ आहे!

तात्पर्य, नावावरून वस्तूचे मूळ कळतेच असे नाही. ती कोणत्या वाटेने आली आणि नाव ठेवणाऱ्याला काय वाटले, एवढे मात्र कळते. २०२२ साली तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रसंघात आपले इंग्रजी नाव बदलून ‘तुर्किये’ करून घेतले. देशाला आपले नाव सांगता येते, पक्ष्याला नाही. माणसाला येते, म्हणून कोणाला ‘बाहेरचा’ म्हणण्यापूर्वी त्याला निदान एकदा विचारावे.