भिंतीतली शेकोटी आणि भुशाच्या गोळ्या

बंगळूरच्या जे. पी. नगरात घर बघायला गेलात, तर पाणी किती वेळ येतं, मोटारीला जागा आहे का, गच्ची कुणाची, हे सगळं तुम्ही विचाराल. दिवाणखान्यात शेकोटी आहे का, असं मात्र कुणी विचारत नाही. तशी गरजही नाही. इथं जानेवारीतही रात्रीचा पारा सरासरी पंधरा-सोळा अंशांच्या खाली जात नाही. १८८४ च्या जानेवारीत तो ७.८ अंशांवर उतरला होता, त्याची अजून आठवण काढली जाते! एरवी एका शालीवर भागतं.

पण अशाच घरांतले आईवडील मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेत जातात, तेव्हा बाहेर बर्फ असतो आणि भिंतीत जुनी फायरप्लेस. ‘‘आई, आम्ही हिच्यात पेलेट स्टोव्ह बसवून घेतोय,’’ असं सांगितलं जातं. हा काय प्रकार आहे, ते जाणून घेऊ या.

ऊब जाते धुराड्यातून

उघडी फायरप्लेस दिसते छान, पण बरीचशी ऊब धुराड्यातून वर निघून जाते. शिवाय खोलीतली गरम हवाही ती ओढून नेते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत स्वस्त इंधनाचा शोध सुरू झाला आणि १९८० च्या दशकात भुशाच्या गोळ्यांवर चालणारे स्टोव्ह घरात आले.

या गोळ्या म्हणजे पेन्सिलीचे बारीक तुकडेच जणू. जाडी साधारण ६ मिलिमीटर. लाकडाचा भुसा प्रचंड दाबानं साच्यातून काढतात. त्या उष्णतेनं लाकडातलाच लिग्निन हा घटक मऊ होतो आणि भुसा एकजीव होतो. वेगळा डिंक लागत नाही. गोळ्या कोरड्या असल्यानं धूर फारच कमी होतो. स्टोव्हच्या टाकीत पिशवी ओतायची. विजेवर फिरणारा मळसूत्री दांडा थोड्या थोड्या गोळ्या विस्तवात टाकत राहतो. एक पंखा विस्तवाला हवा पुरवतो, दुसरा गरम हवा खोलीत सोडतो.

बसवण्यापूर्वी

* फायरप्लेसची रुंदी, उंची आणि खोली मोजा. रुंदी आत कमी होत जाते, म्हणून मागच्या बाजूचंही माप घ्या.
* धुराडं जाणकाराकडून साफ करून घ्या. आत साचलेली डांबरासारखी काजळी पेट घेऊ शकते.
* स्टोव्हपासून धुराड्याच्या टोकापर्यंत स्टेनलेस स्टीलची नळी घालून वर टोपी बसवावी लागते. नळी अर्ध्यावर सोडून काम उरकू देऊ नका.
* वीज गेली की स्टोव्ह थांबतो. बॅटरीची सोय आधीच पाहा.
* स्थानिक परवानगी घ्या. धुराची आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा खोलीत हवीच.

या वायूला रंग नसतो, वासही नसतो. म्हणून आपल्याकडेही थंडीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये.

पुण्याची ‘ऊर्जा’

भुशाच्या गोळ्या आपल्याला अगदीच परक्या नाहीत. जे. पी. नगर बंगळूरच्या दक्षिणेला. उत्तरेकडच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एच. एस. मुकुंदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळ्यांवर चालणारा छोटा स्टोव्ह तयार केला. आत बॅटरीवर चालणारा पंखा. बीपी या तेल कंपनीनं २००६ मध्ये तो ‘ऊर्जा’ नावानं बाजारात आणला. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीनं काम चालवलं. उसाचं चिपाड, भुईमुगाची टरफलं अशा शेतमालाच्या टाकाऊ भागापासून गोळ्या बनत. महाराष्ट्र, कर्नाटक, तामिळनाडू अशा राज्यांत मिळून सुमारे ४ लाख स्टोव्ह विकले गेले. चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या बायकांना धुराविना भाकरी भाजता येऊ लागली.

मग अडचण आली ती इंधनाची. चिपाड आणि टरफलं कारखान्यांच्या बॉयलरलाही हवी असत. कच्चा माल महागला, तशा गोळ्याही महागल्या. स्टोव्ह धडधाकट असूनही कित्येक घरांत तो कोपऱ्यात गेला आणि पुन्हा चूल पेटली. कंपनीही पुढे हॉटेलं आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळली.

आधी सरपण, मग चूल

म्हणून परदेशातल्या मुलांनी सल्ला विचारला, तर स्टोव्ह केवढ्याला पडतो, एवढंच विचारून थांबू नका. गोळ्या जवळपास मिळतात का, ऐन थंडीत त्यांचा भाव किती चढतो, पिशव्या कोरड्या राहतील अशी जागा घरात आहे का, हेही विचारा. गोळ्यांना ओल लागली की त्यांचा पुन्हा भुसा होतो.

पावसाळ्यापूर्वी सरपण भरून ठेवणाऱ्या आपल्या आजीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आधी सरपणाची सोय, मग चुलीची निवड. अमेरिकेतल्या दिवाणखान्यातही हा हिशेब बदलत नाही.