स्ट्रॉबेरी गोठवण्यापूर्वी

फेब्रुवारी सरत आला की पिंपरी-चिंचवडमधील हातगाड्यांवर स्ट्रॉबेरीची खोकी वाढू लागतात आणि भाव उतरू लागतो. महाबळेश्वर, पाचगणी, वाई या पट्ट्यातून येणाऱ्या या फळाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. स्वस्त मिळाली म्हणून दोन किलो घरी येते आणि तिसऱ्या दिवशी खोक्याच्या तळाशी बुरशी दिसते. आंबा किंवा केळे तोडल्यानंतरही पिकते. स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर पिकत नाही, केवळ जुनी होते. म्हणून गोठवायची असेल तर आणल्या दिवशीच गोठवावी. दोन दिवस वाट पाहून उरलेली फ्रीजरमध्ये टाकणे म्हणजे शिळेपणा जपून ठेवणे होय.

या फळात सुमारे ९० टक्के पाणी असते. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि बर्फाच्या कणांनी फळातील पेशी फाटतात. गोठवण सावकाश झाली तर हे कण मोठे होतात. मग बाहेर काढलेले फळ लिबलिबीत होऊन पाणी सोडते. गोठवण जितकी जलद, तितके फळ बरे राहते.

गाळलेल्या पाण्यात फळे हलक्या हाताने धुवावीत, सुती कापडावर पूर्ण कोरडी करावीत आणि मगच देठ काढावेत. देठ आधी काढल्यास पाणी आत शिरते. त्यानंतर प्रत्येक फळ मधोमध चिरून आतून पाहावे. ही पायरी घाईत गाळली जाते, परंतु जैन घरात ती सर्वांत महत्त्वाची आहे. आत अळी असेल तर ती फ्रीजरच्या थंडीने मरते आणि पुढे कोणाच्या लक्षातही येत नाही. चिरल्यामुळे फोडी लवकर गोठतात, हा त्याचा दुसरा लाभ. फोडी ताटात एकमेकींना न चिकटतील अशा पसराव्यात, कडक झाल्यावर पिशवीत भरून हवा काढावी आणि वर तारीख लिहावी. सरबतासाठी ठेवायच्या असल्यास चार भाग फळाला एक भाग साखर चोळावी, रंग टिकतो.

फ्रीजरचे तापमान उणे १८ अंश असेल तर फळ आठ-दहा महिने चांगले राहते. मात्र पिशवी दाराजवळ नको, आतल्या बाजूस असावी. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे चाकण-भोसरीकडील घरांना ठाऊक आहेच; त्या वेळी फ्रीजर उघडू नये. भरलेला फ्रीजर रिकाम्यापेक्षा अधिक वेळ थंड राहतो. थंडीने जंतू मरत नाहीत, केवळ थांबतात. म्हणून एकदा पूर्ण वितळलेले फळ पुन्हा गोठवू नये.

एप्रिल-मे महिन्यांत खेड तालुक्याच्या डोंगराळ भागातून करवंदे येतात. ती चिकाची असतात, म्हणून पूर्ण काळी झालेलीच निवडावीत. पावसाच्या तोंडाशी येणाऱ्या जांभळांत अळी वारंवार आढळते. ती अखंड कधीच गोठवू नयेत, बी काढून गर पाहून घ्यावा.

बावीस अभक्ष्यांच्या पारंपरिक यादीत बर्फ, बहुबीज आणि तुच्छ फळ यांचा समावेश आहे. ज्या घरी हे नियम पाळले जातात, तेथे कोणते फळ चालेल आणि ते गोठवलेले चालेल का, हे गुरुमहाराजांना आधीच विचारावे. पिशव्या भरून झाल्यावर पडलेला प्रश्न उशिराचा असतो.

कारखान्याच्या पाळ्यांवर चालणाऱ्या घरांत वेळेचे गणितही सांभाळावे लागते. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात हे फळ हवे असेल तर डबा सकाळीच फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवावा. वितळलेल्या फोडी ताज्यासारख्या दिसणार नाहीत. त्या ताटात सजवण्याऐवजी दुधात, शिऱ्यावर किंवा मुरंब्यासाठी वापराव्यात, आणि डब्यात साठलेला लाल रस ओतून न देता सरबतात घालावा.