समुद्राच्या पोटातून बेट कसे वर येते?

१४ नोव्हेंबर १९६३ रोजी सकाळी आइसलंडच्या दक्षिणेस मासेमारी नौकेवरील आचाऱ्याला समुद्रातून धूर निघताना दिसला. तेथे पाणी सुमारे १३० मीटर खोल, आणि तळाशी ज्वालामुखी पर्वत रचला जात होता. खोल पाण्याच्या दाबाखाली शिलारस निमूट थिजतो, थरावर थर चढतात. माथा वर आला, दाब घटला, की पाण्याची एकदम वाफ होऊन स्फोट होतात व शिलारसाची राख होते. दुसऱ्याच दिवशी राखेचे बेट दिसू लागले. त्याचे नाव सुर्त्से.

पण राखेचा ढीग लाटांपुढे किती टिकणार? शेजारी १९६५ साली डोके वर काढलेली दोन बेटे १९६६ सरण्यापूर्वीच नाहीशी झाली. सुर्त्से तगले, कारण एप्रिल १९६४ पर्यंत ज्वालामुखीच्या तोंडाशी पाणी पोचेनासे झाले होते. मग शिलारस वाहू लागला आणि राखेवर कातळाचे कवच बसले. आतल्या उष्णतेने राखही दगडासारखी सांधली गेली.

जून १९६७ मध्ये उद्रेक थांबला तेव्हा बेट सुमारे २.७ चौरस किलोमीटर होते. आज जेमतेम निम्मे उरले आहे. सुटे ते समुद्राने नेले, सांधलेले राहिले. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना हा हिशेब ओळखीचा वाटतो.