भांडार सर्वांचे, राखण कोणाची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या तिच्या उत्पादक कंपनीने थांबविल्या. ही बातमी मोठ्या शहरांतील कचेऱ्यांपुरतीच आहे, असे समजून ती बाजूला सारता येणार नाही. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आता शासनदप्तरी अहिल्यानगर झालेल्या जिल्ह्यातील, शाळांच्या संगणक-खोल्यांत, ग्रामपंचायतींच्या टेबलांवर आणि पतसंस्थांच्या काउंटरमागे जी यंत्रे चालू आहेत, त्यांतील कित्येक जुनी आहेत. नव्या विंडोजचा भार त्यांना पेलवत नाही आणि नवी यंत्रे घ्यावयाची तर अंदाजपत्रकात तेवढी तरतूद नसते. अशा वेळी ‘लिनक्स’चे नाव पुढे येते. ही प्रणाली विनामूल्य आहे, जुन्या यंत्रावरही चालते, मराठी उत्तम दाखविते आणि तिला परवान्याची कटकट नाही. हे सर्व खरे आहे, आणि या मार्गाने जाण्याचा विचार करणाऱ्या संस्थाचालकांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु विनामूल्य मिळालेली वस्तू विनासायास टिकते, असा जो समज या स्वागतामागे दडलेला आहे, तो मात्र वेळीच दूर व्हावयास हवा. लिनक्स यंत्रावर बसविणे हे एका दुपारचे काम आहे. ते सांभाळणे हे पुढे पाच-सात वर्षांचे काम आहे, आणि त्याची जबाबदारी कोणावर, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक संस्थांकडे नाही.

सांभाळणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी लिनक्सची घडण थोडी पाहिली पाहिजे. या प्रणालीत लागणारी सॉफ्टवेअरे बाजारातून तबकडीवर आणावयाची नसतात, किंवा इंटरनेटवर दिसेल त्या दुकानातून उचलावयाचीही नसतात. प्रत्येक लिनक्स-वितरणाचे स्वतःचे एक मोठे भांडार असते. त्यालाच ‘रिपॉझिटरी’ म्हणतात. १९९३ साली सुरू झालेल्या ‘डेबियन’ या वितरणाचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीच्या भांडारात सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत. जगभर विखुरलेले स्वयंसेवक ती तपासतात, बांधतात आणि सांभाळतात. आपल्या ‘सी-डॅक’ने २००७ साली पुढे आणलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीदेखील डेबियनच्याच पायावर उभी आहे.

हे भांडार विश्वासार्ह कशावरून, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. त्याचे उत्तर आपल्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. हा उतारा सेवा-केंद्रातून छापून घेतला काय किंवा घरच्या यंत्रावर काढला काय, कागद कोणी हाती दिला याला महत्त्व उरलेले नाही. स्वाक्षरी खरी आहे की नाही, हे पडताळणी क्रमांकावरून पाहता येते. भांडाराची रीत हीच आहे. प्रत्येक पॅकेजचा एक गणिती ठसा काढलेला असतो आणि त्यातील एक अक्षर बदलले तरी तो ठसा जुळेनासा होतो. या साऱ्या ठशांची एक यादी असते, त्या यादीचाही ठसा असतो आणि अखेरीस त्यावर वितरणाच्या गुप्त किल्लीने डिजिटल स्वाक्षरी केलेली असते. ती स्वाक्षरी तपासणारी जाहीर किल्ली आपल्या यंत्रात आधीपासून ठेवलेली असते. त्यामुळे माल जर्मनीतील सर्व्हरवरून आला, कानपूरहून आला किंवा शेजारच्या खोलीतून आला, तरी वाटेत कोणी त्याला हात लावला असेल तर यंत्र तो नाकारते.

प्रतींच्या शुद्धतेची ही काळजी मराठी माणसाला नवी नाही. ज्ञानेश्वरी याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, सांगितली गेली. पुढे हातोहात नकला होत गेल्या, त्यांत पाठभेद शिरले, आणि सुमारे तीनशे वर्षांनी, १५८४ साली, गोदाकाठच्या पैठणला एकनाथांनी अनेक प्रती जमवून ग्रंथ शुद्ध केला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. यात यापुढे कोणीही आपली भर घालू नये, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला. लोकांचा ग्रंथ लोकांपर्यंत निर्भेळ पोचावा, तर मूळ पाठाची राखण कोणीतरी अंगावर घ्यावी लागते, ही जाण त्यामागे होती. सॉफ्टवेअरच्या भांडाराला आज हीच राखण हवी असते. फरक इतकाच, की येथे तीनशे वर्षे थांबून चालत नाही.

कारण सॉफ्टवेअर हा माणसाने लिहिलेला मजकूर आहे आणि त्यात दोष राहतात. एखादा दोष उघडकीस आला, की वितरणाचे सुरक्षा-पथक त्याची दुरुस्ती तयार करून भांडाराच्या सुरक्षा-विभागात ठेवते. ज्या क्षणी ती प्रसिद्ध होते, त्या क्षणी दोषही प्रसिद्ध होतो. दुरुस्ती वाचून दोष कोठे होता हे ताडणारी आणि ज्यांनी ती लावलेली नाही अशांचा शोध घेणारी माणसे आणि यंत्रे जगात सतत जागी असतात. म्हणूनच न लावलेली दुरुस्ती ही साधी राहून गेलेली गोष्ट समजता येत नाही. घराची कडी मोडकी असल्याची पाटी दारावर लावण्यासारखे ते आहे.

याचा प्रत्यय सहकारी क्षेत्राला जुलै २०२४ च्या अखेरीस आला. छोट्या बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’ या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. हा उपद्रव पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक निगमाने ३१ जुलै रोजी त्या कंपनीची प्रणाली देशाच्या देयक-जाळ्यापासून तात्पुरती अलग केली. देशातील सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांना एटीएम व यूपीआय यांसारख्या सेवा त्यामुळे बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. या प्रकाराचे विश्लेषण करणाऱ्या ‘क्लाउडसेक’ या सुरक्षा-संस्थेने म्हटले, की हल्लेखोरांचा शिरकाव एका सहयोगी पुरवठादाराच्या ‘जेनकिन्स’ सर्व्हरमधून झाला, आणि ज्या दोषाकडे त्या संस्थेने बोट दाखविले, त्याची दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झालेली होती. म्हणजे औषध सहा महिने कपाटात होते. रोग्याला ते कोणी दिले नाही. ज्या खातेदाराचे पैसे त्या दिवशी अडकले, त्याने जेनकिन्सचे नावही ऐकलेले नसणार.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. दुरुस्तीच विष घेऊन आली तर काय करावे? तसे घडलेही आहे. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम बाहेर पडला, जगभर फैलावला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले. तो फटका विंडोजच्या यंत्रांना बसला होता. परंतु मार्च २०२४ मध्ये लिनक्सवरही तसाच प्रसंग येऊन ठेपला. ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात, दोन वर्षांहून अधिक काळ सद्गृहस्थासारखे काम करून विश्वास मिळविलेल्या कोणा टोपणनावाच्या व्यक्तीने चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, हे खटकले. त्याने पाठपुरावा केला आणि २९ मार्च रोजी हे कारस्थान जगापुढे मांडले.

या घटनेतून अपडेट घेऊच नये, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण घटनेचा तपशील उलट दिशेला बोट दाखवितो. विषारी आवृत्ती डेबियनच्या चाचणीच्या शाखांत पोचली होती, सामान्य वापरासाठीच्या ‘स्थिर’ शाखेत पोचली नव्हती. स्थिर शाखेत नवी आवृत्ती जशीच्या तशी आणली जात नाही. जुन्याच आवृत्तीत तेवढा दोष दुरुस्त करून दिला जातो. नावीन्य सावकाश आणि दुरुस्ती तत्काळ, असा हा दुहेरी वेग आहे. अपडेट केले की सारे बदलते आणि कालचे काम आज चालत नाही, ही जी भीती शिक्षकांना व लिपिकांना वाटते, तिचेही उत्तर यातच आहे. केवळ सुरक्षा-विभागातील दुरुस्त्या आपोआप लागाव्यात अशी व्यवस्था यंत्रात करून ठेवता येते, आणि तीमुळे रोजच्या कामात सहसा व्यत्यय येत नाही.

धोका खरा निर्माण होतो तो भांडाराबाहेर. एखादे सॉफ्टवेअर हवे असते, ते अधिकृत भांडारात पटकन सापडत नाही, मग कोणाच्या तरी चित्रफितीत सांगितलेली आज्ञा जशीच्या तशी टंकित केली जाते. त्या एका ओळीने एक परके भांडार आणि त्याची किल्ली आपल्या यंत्रात कायमची येऊन बसते. आता त्या भांडाराच्या मालकाने उद्या काहीही पाठविले, तरी आपले यंत्र ते घरचे समजून घेईल. स्वाक्षरी तपासण्याची सारी शिस्त तेथे निरुपयोगी ठरते, कारण शिक्का ओळखीचा आहे की नाही एवढेच यंत्र पाहते. शिक्का मारणारा सज्जन आहे की नाही, हे पाहणे माणसाचे काम आहे.

दुसरी चूक आयुष्य संपलेल्या आवृत्तीची. ‘सेंटओएस’ हे सर्व्हरसाठी लोकप्रिय असलेले विनामूल्य वितरण पाहा. त्याच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार मिळेल, अशी अपेक्षा होती. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत एकाएकी २०२१ च्या अखेरीवर आणल्याचे जाहीर झाले. सातव्या आवृत्तीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. अशी यंत्रे त्यानंतरही निमूटपणे चालत राहतात, पडद्यावर धोक्याची खूण दिसत नाही, आणि ‘चालते आहे ना, मग हात कशाला लावता?’ हे आपल्या कचेऱ्यांतील लाडके सूत्र त्यांना अभय देते. आपण बसविलेली आवृत्ती कोणत्या तारखेला निवृत्त होणार, हे कर्मचाऱ्याच्या निवृत्तीच्या तारखेइतकेच दप्तरी नोंदलेले असावे.

उपाय खर्चिक नाहीत. केरळच्या शाळांनी दीड दशकाहून अधिक काळ मुक्त प्रणाली वापरून दाखविली आहे. तेथे ‘काइट’ ही शासकीय संस्था सर्व शाळांसाठी एकच प्रणाली तयार करते आणि शिक्षकांना प्रशिक्षण देते. प्रत्येक मुख्याध्यापकाने आपापली वाट शोधावी, असे तेथे नाही. आपल्याकडे शासन जागे होईपर्यंत जिल्ह्याने वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक संस्थेने एक जबाबदार व्यक्ती आणि एक पर्यायी व्यक्ती नेमावी. आठवड्यातील एक वार ठरवावा. त्या दिवशी भांडाराची यादी ताजी करून दुरुस्त्या लावाव्यात, प्रणालीचा गाभा बदलला असल्यास यंत्र पुन्हा सुरू करावे आणि तारीख नोंदवहीत लिहून सही करावी. त्याआधी महत्त्वाच्या दप्तराची प्रत वेगळ्या चकतीवर घेतलेली असावी. यंत्रात कोणकोणती भांडारे जोडली आहेत, याची यादी वर्षातून दोनदा तपासून अनोळखी नावे काढून टाकावीत. पतसंस्थांच्या लेखापरीक्षणात रोकडवहीबरोबर हीही वही मागितली गेली, तर निम्मे काम आपोआप होईल.

याहून एक पाऊल पुढे जाता येईल. गावोगावच्या शाळांना इंटरनेटचा वेग कमी मिळतो आणि चाळीस यंत्रांनी तीच दुरुस्ती चाळीस वेळा उतरवून घेणे परवडत नाही. त्यावर एक साधी तोड आहे: शाळेतील एकाच यंत्राने पॅकेज उतरवून साठवावे आणि इतरांना वाटावे. हीच कल्पना जिल्ह्याच्या पातळीवरही राबविता येईल. लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यांतील एखाद्याने अधिकृत भांडाराची प्रतिकृती जिल्ह्यासाठी चालवावी आणि विद्यार्थ्यांनी तालुक्यातील शाळांना ती जोडून द्यावी. स्वाक्षरी मूळचीच राहत असल्याने प्रतिकृतीमुळे भेसळीचे भय वाढत नाही, आणि पुस्तकातून न मिळणारे शिक्षण विद्यार्थ्यांना मिळते.

हा जिल्हा सहकाराचा आहे. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना उभा राहिला. सभासदाने भाग घेतला आणि सभेकडे पाठ फिरविली, तर संस्थेचे काय होते, याचेही कडू अनुभव पुढील काळात महाराष्ट्राने पुष्कळ घेतले. मुक्त सॉफ्टवेअरचे भांडार हीदेखील एक सहकारी संस्थाच आहे. प्रवेशफी तेवढी नाही. दूरदेशीचे अनोळखी स्वयंसेवक रात्री जागून दुरुस्ती तयार करतात आणि ती आपल्या दाराशी आणून ठेवतात. दार उघडून ती आत घेण्याचे काम आपले आहे. लिनक्सकडे वळू पाहणाऱ्या प्रत्येक शाळेने आणि पतसंस्थेने यंत्रांची संख्या ठरविण्याआधी, हे काम दर आठवड्याला कोण करणार त्याचे नाव ठरावात लिहावे.