शरीरांतील हाकारा : इंटरल्यूकिन-६

मुंबईच्या उपनगरांतील मरोळ हें पूर्वीं भातशेतीचें गांव. त्याच्या शिवेलगत १९४९ सालीं आरे दुग्ध वसाहत वसली. येथील सेव्हन हिल्स रुग्णालय २०२० सालीं मुंबई महानगरपालिकेनें कोविडच्या रुग्णांसाठीं राखून ठेविलें. त्या काळांत ‘टोसिलिझुमॅब’ हें अवघड नांव शहरभर नातलगांच्या तोंडीं बसलें, आणि त्याच्या एका कुपीसाठीं औषधांचीं दुकानें पालथीं घालण्याची पाळी अनेकांवर आली. हें औषध विषाणूस मारीत नाहीं. मग तें करितें काय, हें जाणणें कृषीवल बंधूंसही अगत्याचें आहे. कारण ज्या पदार्थाशीं त्याचा संबंध, तो आपल्या गोठ्यांतील गाईम्हशींच्या शरीरांतही असतो.

त्या पदार्थाचें नांव इंटरल्यूकिन-६. हें एक लहानसें प्रथिन असून, जंतूंचा शिरकाव झाला म्हणजे पांढऱ्या व इतर पेशी तें बाहेर सोडतात. गांवांत चोर शिरला असतां जागल्यानें हाकारा द्यावा, तसें त्याचें काम. स्वतः तें जंतूंशीं लढत नाहीं. त्याच्या हांकेनें ताप चढतो, यकृत बचावाचीं प्रथिनें करूं लागतें आणि विशिष्ट पांढऱ्या पेशी प्रतिद्रव्यें निर्माण करितात. या शेवटच्या गुणाचा माग काढीत जपानांतील ओसाका विद्यापीठांत हिरानो व किशिमोतो यांनीं १९८६ सालीं त्याचा जनुक शोधून काढिला. पुढें असें आढळलें कीं, इतर प्रयोगशाळांत निरनिराळ्या नांवांनीं ज्यांचा अभ्यास चालला होता, तीं कांहीं प्रथिनें म्हणजे हेंच एक होय.

दुभत्या जनावरास कासदाह झाला म्हणजे हाच प्रकार घडतो. कास तापते, टणक होते, दूध नासतें, आणि त्या दुधांत हें प्रथिन वाढतें. ताप हें जनावराच्या झुंजीचें लक्षण होय. तो उतरविला म्हणजे जंतु गेले असें नव्हे. अंग थंड लागतांच पशुवैद्यास दिलेला निरोप मागें घेणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

हाकारा थांबलाच नाहीं तर? आमवातासारख्या जुनाट दाहांत तो वर्षानुवर्षें चालतो. सांधे झिजतात, शरीरांत लोह असूनही यकृतांतील हेप्सिडिन तें अडवून धरितें, आणि रक्तक्षय होतो. टोसिलिझुमॅब मूळचें अशाच विकारांसाठीं. तें हांक ऐकणारे पेशींचे कानच बंद करितें.

कोविडांत कित्येकांच्या फुप्फुसांची हानि अनावर दाहानें होते असें दिसल्यावरून तें देऊं लागले. आरंभींच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशीं जुळेनात. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणींत या औषधासाठीं ४,११६ रुग्ण घेतले होते. २०२१ सालच्या निकालाप्रमाणें, प्राणवायु कमी व दाह अधिक असलेल्या या रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यु नेहमींच्या उपचारांनीं शेंकडा ३५, तर हें औषध जोडल्यावर ३१ झाले. शंभरांत चार जीव ही थोडकी गोष्ट नव्हे. परंतु जिच्यासाठीं एवढी धांवाधांव झाली ती संजीवनीही नव्हे. शिवाय कान बंद केल्यावर दुसरा जंतु शिरला तरी ताप येईलच असें नाहीं, आणि यकृत याच हांकेवर जें सी-रिॲक्टिव्ह प्रथिन बनवितें, तेंही रक्ततपासणींत वाढलेलें दिसत नाहीं. म्हणून हें औषध घेतलेल्या रुग्णास, ताप नाहीं एवढ्यावरून, वैद्य निर्धोक समजत नाहींत.