गावच्या पाण्याचा हिशेब गावच्या फलकावर

सोलापूर जिल्ह्यात परतीचा पाऊस ओसरेपर्यंत रब्बी ज्वारी बहुधा पेरून झालेली असते. प्रश्न उरतो तो गहू, कांदा व पूर्वहंगामी उसाचा. विहिरीस पाणी दिसते म्हणून ऊस लावावा आणि एप्रिलमध्ये तो उभा वाळावा, हा अनुभव या भागास नवा नाही.

वास्तविक हे नुकसान टाळण्यास लागणारी बरीच माहिती शासनाजवळ असते. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळातील पाऊस नोंदवितात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर महिन्यांत मोजते. पिकांखालील क्षेत्र गाव नमुना बारामध्ये असते. परंतु ही माहिती निरनिराळ्या दप्तरांत राहिल्यास शेतकऱ्यास तिचा उपयोग नाही. ती एकत्र करून ग्रामसभेपुढे मांडण्याचे काम ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावयास हवे.

हिशेब अवघड नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. १,००० हेक्टरांच्या गावात ५०० मिलिमीटर पाऊस झाल्यास ५०० कोटी लिटर पाणी पडते. आकडा मोठा वाटतो; पण पुष्कळसे पाणी बाष्परूपाने उडून जाते, काही वाहून जाते आणि थोडेच मुरते. म्हणून पावसाच्या जोडीस विहिरींची पातळी हवीच. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे असा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरविली जातात. २०१९ साली सुरू झालेल्या अटल भूजल योजनेतही सोलापूरसह राज्यातील १३ जिल्ह्यांतील निवडक गावांसाठी हीच पद्धत घालून देण्यात आली.

मोजणी मात्र काळजीपूर्वक व्हावी. पातळी कठड्यापासून मोजल्यास कठड्याची उंची वजा करावी. पंप बंद केल्याबरोबर मोजू नये. सकाळी पाणी स्थिर असताना मोजावे. मंडळाचा पाऊस तोच आपल्या गावचा, असेही धरू नये. ओढ्याच्या एका अंगास पडलेला पाऊस दुसऱ्या अंगास पडेलच असे नाही. गावाने स्वतःचे पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद करावी.

आकडा कशाचा, हेही लिहिलेच पाहिजे. उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. टक्केवारी उरलेल्या उपयुक्त साठ्यावर काढतात. त्यामुळे साठा ‘वजा’ झाला तरी धरणात पाणी असते. एवढा खुलासा नसेल तर खरा आकडाही घबराट पसरवितो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अशी माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावयाची असते. स्थानिक भाषेचा विचार करावा असे त्यात म्हटले असून प्रसिद्धीच्या साधनांत सूचना फलकाचाही उल्लेख आहे. तेव्हा संकेतस्थळावर आकडे चढविले की काम झाले असे समजू नये. फलक चावडीजवळ किंवा दूध संकलन केंद्रापाशी, येता-जाता दिसेल असा लावावा. त्यावर मोजणीची तारीख घालावी आणि त्याच महिन्यातील गेल्या वर्षाची पातळी शेजारी लिहावी.